जीपला काढलेला काठ

वार रविवार, अक्षय तृतीयेला अजून दोन आठवडे होते. रक्कम दहा हजार रुपये, बयाणा म्हणून. हजर माणसं पाच: शेजारच्या वहिनी, पुण्याहून आलेला त्यांचा मुलगा निखिल, जीप विकत घ्यायला आलेला एक तरुण, माझी बायको सुनंदा आणि मी. व्यवहार तोंडी होता म्हणून शेजारी या नात्याने मला बोलावलं होतं. कुठेही पैसे हातात पडायचे असले की आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, मला बोलावतात. हा माणूस उगाच बोलत नाही आणि कुणाचं उगाच खपवूनही घेत नाही, अशी माझी ख्याती आहे.

तरुणाने नोटा पुढे केल्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. उजव्या हाताची बोटं उलटी करून त्या जीपच्या अंगावरून फिरवत होत्या, ताप आलेल्या पोराचं कपाळ पाहावं तशा.

"वाळू दे अगोदर," त्या म्हणाल्या.

तरुण गोंधळला. "काकू, रंग तर वाळलेलाच आहे."

"रंगाचं नाही म्हणून राहिली बापा. तुझं-माझं बोलणं झालं ना आत्ता, ते वाळू दे."

नागपूरच्या बेसा भागात राहणाऱ्या कुणी त्या वेळी वहिनींना पाहिलं असेल, तर हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असणारच. वहिनी उन्हाळाभर कुरडया, पापड, सांडगे करून विकत. फेब्रुवारी संपता संपता त्यांची गच्ची पांढरी व्हायची ती थेट जूनपर्यंत. वाळवणाचा हा धर्म त्यांनी सगळ्या आयुष्याला लावला होता. नवरा-बायकोचं भांडण कानावर आलं की "वाळू द्या, मग बोला". पोराने नोकरी सोडायची म्हटलं की "वाळू दे". आमच्याकडे एकदा पाण्याच्या टाकीवरून सोसायटीची बैठक हातघाईवर आली, तेव्हा त्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "आज कोणी काही ठरवू नका. ओलं आहे अजून." आठ दिवसांनी ठराव एका मिनिटात झाला.

जीप त्यांच्या यजमानांची. ते सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, गप्प माणूस. निवृत्तीनंतर ही जुनी जीप त्यांनी कुठून तरी आणली आणि तीन वर्षं घरच्या पोर्चमध्ये तिच्याखाली झोपून काढली. इंजिन झालं, ब्रेक झाले, खालचा गंजलेला पत्रा झाला. मग रंग. वरचा अर्धा भाग सायीच्या रंगाचा, खालचा अर्धा गडद हिरवा, असा त्यांचा बेत. एक छोटा कॉम्प्रेसर आणि फवाऱ्याची बंदूक आणून त्यांनी वरचा भाग रंगवलाही. खाली तांबड्या रेड ऑक्साइडच्या अस्तराचा हात मारला. हिरव्या रंगाचे डबे आणून ठेवले. दिवाळीनंतरच्या एका सकाळी चहा घेता घेता ते गेले. जीप तशीच राहिली. वर साय, खाली तांबडी, बाईने पदर घेतला आणि साडी नेसायचीच राहून गेली अशी.

निखिलचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. तो पुण्यात, आई इथे एकटी, पोर्च अडलेला. त्याने इंटरनेटवर जाहिरात टाकली, रामटेककडचा हा मुलगा सापडला. किंमत ठरली सव्वादोन लाख. मी इकडेतिकडे चौकशी केली होती, भाव वाजवी होता.

वहिनींचा विकायला विरोध नव्हता. त्यांची अट वेगळी होती.

"अक्षय तृतीयेपर्यंत नाही नेऊ देणार," त्या म्हणाल्या. "ह्यांची पहिली घागर आहे. ती शेतात भरायची. पारशिवनीले. आणि तिथपर्यंत ही गाडी जाईन, पूर्ण रंगलेली, आपल्या चाकानं. तिथून पुढं तुझी."

आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरतात, आमरस-कुरडईचं पान वाढतात. पारशिवनीजवळ त्यांचं चार एकर वावर आहे, मिरची आणि कापसाचं. अट समजण्यासारखी होती. निखिलने फक्त एकच विचारलं.

"आणि चालवणार कोण?"

"मी."

"आई, तू?"

"काहून? तुझ्या बापानं शिकवली मले, तू पोटात होता तेव्हा. लायसन आहे माह्याजवळ. भाऊजी, खरं का खोटं?"

मी लायसन पाहिलं. खरं होतं, मुदतीतलं होतं. तसं सांगितलं. निखिलने कपाळाला हात लावला. बयाण्याच्या नोटा माझ्या साक्षीने स्वीकारल्या गेल्या आणि तो संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत गेला.

आता रंग. वहिनींनी आयुष्यात बंदुकीने रंग मारला नव्हता. पण रंगाऱ्याला बोलवायला त्या तयार नव्हत्या. "अर्धा ह्यांनी मारला, अर्धा मी मारीन. तिसऱ्याचं काय काम?" असा सवाल. मग त्यांनी सरावाला सुरुवात केली. कशावर? कूलरवर. नागपुरात घरटी पत्र्याचा एक कूलर असतो आणि एप्रिलमध्ये तो धुऊन, नवा गवताचा पडदा लावून खिडकीला बसतो. वहिनींनी लेआउटभर दवंडी दिली: कूलर फुकट रंगवून मिळेल, रंग एकच, हिरवा.

पहिला कूलर आमचा. रंग ओघळून खाली थेंबांची झालर झाली.

"वं सुनंदा, नक्षी आहे समज," त्या म्हणाल्या.

"समजते ना. पण मावशी येणार आहे माही उद्या, तिले काय सांगू?"

"सांग, झाड लावलं घरात."

दुसऱ्या कूलरला थेंब कमी आले. चौथ्याला आलेच नाहीत. मी मात्र एका गोष्टीने अस्वस्थ होतो. गाडीचा रंग बदलला तर नोंदणीच्या कागदावर तसं नोंदवावं लागतं. मी हे त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा त्या तोंडाला ओढणी बांधून पत्रा घासत होत्या. ओढणीतूनच म्हणाल्या, "तुम्ही कागद पाहा, मी रंग पाहते. दोघंही गप बसलो तर गाडी होईन." मी कागद पाहिले. कामाची वाटणी योग्य होती.

मे महिन्याच्या तोंडाशी आमच्याकडे दुपारी जे वारं सुटतं त्यात अर्धं शहर धूळ बनून फिरतं. ओल्या रंगावर ती बसली की सगळं मातीमोल. वहिनींनी घरातल्या जुन्या सुती साड्या काढल्या, पाण्यात बुडवल्या आणि पोर्चच्या तिन्ही बाजूंनी दोरीवर टांगल्या. धूळ साड्यांनी खाल्ली. पोर्च आत गार. वारा नसतो तेव्हा, पहाटेच, त्या बंदूक धरत. सायीच्या रंगाचा भाग त्यांनी वर्तमानपत्रं लावून झाकला होता आणि दोन रंगांच्या मधल्या सीमेवर चिकटपट्टी मारली होती. पट्टीची रेघ मी मोजायच्या टेपने तपासून दिली. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत सरळ.

शुक्रवारी पहिला हात, शनिवारी दुसरा. ओल्या साड्यांच्या फटीतून मी पाहिलं तर हिरवा रंग असा बसला होता की बाहेरच्या कडूनिंबाची पानं त्यात दिसावीत. वहिनी कठड्यावर बसून पाहत होत्या. तोंडावरची ओढणी त्यांनी सोडलीच नव्हती. डोळ्यांवरून कळत होतं की आत हसताहेत.

"पट्टी काढायची का?" मी विचारलं.

"घाई काय आहे? वाळू द्या."

रविवारी साड्या काढल्या. गाडीची पश्चिमेची बाजू दुपारभर उन्हात होती. सोमवारीही. वहिनी कुरडया आत-बाहेर करत होत्या आणि येता-जाता बोटं उलटी करून रंग पाहत होत्या. "वाळू द्या. कडक होऊ द्या."

मंगळवारी सकाळी त्यांनी पट्टीचं टोक नखाने उचललं आणि ओढलं. दुधावरची साय चमच्याला लागून यावी तसा वरचा रंग पट्टीबरोबर निघून आला. हिरवा नव्हे. सायीचा. यजमानांनी मारलेला. हातभर निघाला तेव्हा त्या थांबल्या. मग दुसऱ्या टोकाकडून, हळूच. तिथूनही तेच. उन्हाने पट्टीचा डिंक त्या जुन्या रंगात शिजवला होता. चिकटपट्टी रंग ओलसर असतानाच काढायची असते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या लेखी वाळणं म्हणजे भलंच.

सीमेच्या वर दोन बोटं रुंदीची फाटकी, उंदराने कुरतडल्यासारखी पट्टी उरली. आत जुना पत्रा दिसत होता. वहिनी पायरीवर बसल्या. निघालेली चिकटपट्टी त्यांच्या मांडीवर होती, तिच्या पाठीला रंगाचे पापुद्रे. सुनंदा त्यांच्याजवळ बसली.

मग वहिनी म्हणाल्या, "त्यांचा हात होता वं त्याच्यावर."

सुनंदाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी उगाच कॉम्प्रेसरची वायर गुंडाळली.

सायीच्या रंगाचा उरलेला डबा आम्ही उघडला. वर जाड पापुद्रा, खाली दगड. नवा आणला तरी सहा महिने उन्हात राहिलेल्या रंगाशी तो जुळणार नव्हता. सणाला चार दिवस. निखिलचा फोन आला, स्पीकरवर होता म्हणून आम्हीही ऐकला.

"आई, सोड ना आता. तो मुलगा तसाही सगळी काळी करणार आहे. मला बोलला तो. तू कशाला उन्हात मरतेस?"

ही गोष्ट वहिनींना नवीन होती. मलाही. त्यांनी फोनकडे पाहिलं, जणू तो तरुण त्यातच बसला होता.

"करू दे काळी," त्या म्हणाल्या. "त्याची गाडी, त्याचा रंग. पण माह्या दारातून अशी अर्धी नाही जाणार. तुझ्या बापाले मी फाटकं नेसून भेटाले जाऊ का शेतात?"

निखिल म्हणाला, "मी शुक्रवारी येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो तर वहिनी जीपजवळ स्टुलावर बसलेल्या. हातात बारीक कुंचला. पायाशी रेड ऑक्साइडचा डबा, खालच्या पत्र्याला यजमानांनी मारलेलाच, उरलेला. कुरतडलेली जागा त्यांनी पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली होती आणि तिच्यावर त्या तांबडा पट्टा ओढत होत्या. वरून सरळ रेघ, खालून सरळ रेघ, मधे भरीव. हिरवं लुगडं, सायीचा पदर, तांबडा काठ. मी पाहत राहिलो.

"दोरी धरू का? खडूची रेघ मारून देतो," मी म्हटलं. "पट्टा खाली-वर जाईल."

"भाऊजी, फूटपट्टी लावून कुरडई घालते का कोणी?"

"ही कुरडई नाही."

"हात तोच आहे ना."

श्वास रोखून त्या वीतभर रेघ ओढत, मग श्वास सोडत, मग पुढची वीत. मी दूध विसरलो. पलीकडच्या घरातल्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "वहिनी, जरीचा लावायचा होता ना काठ!" वहिनी मान न वळवता म्हणाल्या, "तू दे ना जरी, तुह्या नवऱ्याच्या खिशातून." दुपारपर्यंत एक बाजू झाली, दुसऱ्या दिवशी दुसरी. उजव्या दरवाज्यावर काठ किंचित खाली उतरला होता. मी टेप लावून पाहिलं, साधारण अर्धा इंच. कुणाला सांगितलं नाही.

अक्षय तृतीयेच्या दिवशी सकाळी सहाला निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, शेजारी निखिल, मागे सुनंदा आणि मी, आमच्या मांड्यांवर घागर, आंबे आणि कुरडयांचा डबा. निखिलने समोरचा दांडा जो पकडला तो पारशिवनी येईपर्यंत सोडला नाही. वहिनी गाडी नीट चालवत होत्या. जरा जास्तच नीट. म्हशीला हॉर्न, सायकलला हॉर्न, उभ्या असलेल्या ट्रकलाही हॉर्न.

"आई, तो उभा आहे."

"निघाला तर?"

कामठीच्या चौकात जीप बंद पडली. मागून हॉर्नचा गजर. एक मोटरसायकलवाला शेजारी आला आणि म्हणाला, "काकू, जमत नसन तर घरी बसा ना!"

"घरीच चालली ना गा," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली फिरवली. "तू बाजूले हो फक्त."

गाडी सुरू झाली. मोटरसायकलवाला बाजूला झाला, आणि जाता जाता त्याने काठाकडे वळून पाहिलं, हे मी स्वतः पाहिलं. सुनंदा हसून हसून घागरीवर वाकली. निखिलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "आई," तो म्हणाला, "बाबांनी खरंच शिकवलं होतं तुला?"

"ह्याच रस्त्यावर. तेव्हा डांबर नव्हतं. ते बाजूले बसून झोपून जायचे."

"झोपायचे?"

"मंग? भरोसा होता त्यांचा."

निखिल हसला. दांडा मात्र धरून होता.

शेतात विहिरीजवळ निंबाच्या सावलीत घागर मांडली. निखिलने पाणी भरलं, पान वाढलं, नमस्कार केला. वहिनींनी जीप बांधाजवळ नेऊन अशी उभी केली की घागरीच्या जागेवरून ती पूर्ण दिसावी. आधी डावी बाजू होती, ती त्यांनी फिरवून उजवी केली. मला वाटलं, काठ जिथे उतरलाय तीच बाजू पुढे कशाला? मग लक्षात आलं, डाव्या बाजूच्या मागच्या भागात यजमानांचा रंग पट्टीने जास्त गेला होता. उजवीकडे त्यांचा रंग वरपासून काठापर्यंत शाबूत होता.

जेवणं झाल्यावर वहिनी एकट्याच जाऊन जीपमध्ये बसल्या. स्टिअरिंगवर नाही, शेजारच्या जागेवर. दुपार तापली होती. आम्ही सावलीतून पाहत होतो आणि पाहत नाही असं दाखवत होतो.

तीनच्या सुमारास तो तरुण आला. त्याने उरलेली रक्कम फोनवरून वहिनींच्या खात्यात टाकली, मी संदेश वाचून खात्री केली. ताबा दिल्याचा कागद मी आणला होता, त्यावर दिवस-वेळ घालून सह्या घेतल्या. गाडी त्या क्षणापासून त्याची. त्याने काठावरून बोट फिरवलं.

"काकू, हे कुणी केलं?"

"मी."

"भारी आहे." तो जरा चुळबुळला. "पण मी काळीच करणार आहे. खोटं नाही बोलत."

"कर ना बापा. एक सांगते, ध्यानात ठेव. पट्टी लावशील ना रंगाले, ती रंग ओला असतानाच ओढजो. वाळू नको देऊ."

तो हो म्हणाला. त्याने आम्हाला नागपूरपर्यंत सोडतो म्हटलं. वहिनी नाही म्हणाल्या. "त्या गाडीत मी मागं बसून नाही येणार." किल्ली त्याच्या हातात दिली आणि डबा उचलून रस्त्याकडे चालू लागल्या.

पुढच्या वर्षी त्या निखिलकडे पुण्याला राहायला गेल्या. घर भाड्याने दिलं आहे. भाडेकरू सज्जन आहेत, महिन्याच्या महिन्याला पैसे देतात. त्यांची गच्ची रिकामी असते. पोर्चच्या फरशीवर हिरव्या रंगाची बारीक फवारणी उडालेली आहे, मधे जीपच्या आकाराची जागा स्वच्छ. भाडेकरू तिथे स्कूटर लावतात. आमच्या कूलरची झालर अजून आहे. मावशी दर वर्षी विचारते.

त्या दिवशी परतीला एसटी मिळाली ती गच्च भरलेली. वहिनींना आणि सुनंदाला बसायला जागा झाली, निखिल आणि मी उभे. वहिनींच्या नखांत हिरवा रंग होता, बोटांच्या पेरांवर तांबडा. कंडक्टरने ती बोटं पाहिली. "रंगाचं काम करता का मावशी?" "एकच केलं," त्या म्हणाल्या. मी खिशात हात घातला तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि माझा हात खिशातच राहिला. बायकांची दोन अर्धी तिकिटं, पुरुषांची दोन पूर्ण. दोनशे चाळीस रुपये, कंडक्टरला, वहिनींनी दिले.